राखीव छत्रीची घडी

अण्णा, मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती. तुमच्या पाचव्या वर्षश्राद्धाला लिहून वहीत ठेवलेल्या त्या पत्रात मी म्हटलं होतं, की तुम्ही मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एक न बोललेली क्षमा. पॅराशूटच्या घडीत मी लपवलेलं आपट्याचं पान तुम्हाला सापडलं आणि तरी तुम्ही मला रागावला नाहीत, असं मी मानत आले. ते खरं नाही. तुम्हाला ते पान कधी सापडलंच नव्हतं. गेल्या रविवारी ते मला सापडलं.

दम्यामुळे मला तिसरीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं, तेव्हा माझी पहिली शाळा म्हणजे आपली बाहेरची खोली आणि मास्तर तुम्ही. फौजेतून निवृत्त होऊन तुम्ही ओझरला नोकरीला लागला होतात, सुट्टीच्या दिवशी क्लबात उड्या मारायला जायचात, आणि घडी घालायचं प्रमाणपत्र असल्यामुळे छत्र्या घरी आणायचात. पॅराशूटला तुम्ही नेहमी छत्रीच म्हणायचात. मी बेरीज शिकले ती तिच्या दोऱ्या मोजून. वाचायला शिकले तीही तिच्याच कार्डावरून: उघडली, तपासली, घडी घातली, खाली तारीख आणि सही. पाठ्यपुस्तकाआधी मला पाठ झालं ते हे, की छत्रीला ऊन दाखवायचं नाही, ऊन लागलं की नायलॉन आतून मरतं आणि वरून कळत नाही. लोखंडी ट्रंकेत ठेवायची नाही, ओल धरते. पोटमाळ्यावर नाही, स्लॅब तापतो. डांबरगोळ्या, रॉकेल, बॅटरीचं पाणी जवळपास नको. दर सहा महिन्यांनी राखीव छत्री, म्हणजे मुख्य छत्री उघडलीच नाही तर ओढायची ती, पूर्ण उघडायची, वारा द्यायचा, दोऱ्यांच्या जुड्यांचे रबरबँड सगळे नवे लावायचे. आणि शेवटी, बोट वर करून, "न बघता केलेली सही म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी केलेली मस्करी. कळलं?" मी मान डोलवायचे. तुम्ही म्हणायचात, "मान नको, तोंडाने सांग."

चौथीतला दसरा. तुम्ही सतरंजीवर तुमची स्वतःची राखीव छत्री पसरून बसला आहात, मी एकेक लाल रबरबँड तुमच्या हातात देते आहे. आईने सकाळीच स्कूटरला, शिलाई मशीनला, विळीला हळदकुंकू वाहिलं आहे, आणि छत्रीला लावायला आली तेव्हा तुम्ही तिला हाताने अडवलंत. "हिची पूजा म्हणजे हिला स्वच्छ ठेवणं. लांब व्हा दोघी." मला फार वाईट वाटलं. विळीलासुद्धा मान आणि जी तुम्हाला आभाळातून खाली आणते तिला काहीच नाही? संध्याकाळी शेजारचे सोनं द्यायला आले, तुम्ही उठून दारात गेलात, आणि मी हातातलं आपट्याचं एक पान कापडाच्या आतल्या घडीत सरकवलं. तुम्ही परत आलात, घडी पुरी केलीत, लाल दोरा बांधून सील लावलंत. त्या रात्रीपासून मी सहा महिने मोजले. मग कार्डावर नवी सही दिसली. म्हणजे छत्री उघडली गेली, म्हणजे पान दिसलं, आणि तुम्ही गप्प राहिलात. त्या गप्प राहण्यावर मी किती वर्षं काढली, अण्णा! कुणी चुकलं की मी पहिल्यांदा गप्प राहून बघते, ते तिथूनच आलं.

तुम्ही अचानक गेलात त्याला आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत छत्री तुमच्या कपाटाच्या खालच्या खणात, आईच्या धुवट सुती साडीत आहे. पावसाळ्यात मी रोज खणात हात घालून ओल बघते. लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा इन्व्हर्टरवाला त्या कपाटाशेजारीच बॅटरी ठेवायला निघाला होता. मी आडवी उभी राहिले. तो आईला म्हणाला, "मावशी, यांच्या कपाटात सोनं आहे का काय?" धाकटी बहीण हसून म्हणाली, "ताईचं काय घेऊन बसलात, गॅस बंद केला का बघायला ती अर्ध्या वाटेतून रिक्षा फिरवते." हसा. कपाट उघडणं माझ्या हातात होतं, छत्री उघडणं नव्हतं. ती तुमची घडी होती.

धाकटी आता पुण्यात शिकते आणि तुमच्याच क्लबात उड्या मारते. येत्या रविवारी तिची उडी आहे. मुख्य छत्री क्लबची, पण पोटावरची राखीव तिला तुमचीच हवी, आणि तीही न उघडता. "अण्णांच्या हातची शेवटची घडी आहे ती, ताई. मोडायची नाही." मला वाटलं क्लबात तरी कुणी नको म्हणेल. तिथे आता घड्या घालतात ते तुमचे निफाडचे दोस्त, आपले काका. ते छत्री बघायला घरी आले, सील बोटाने चाचपलं आणि त्यांचे डोळे भरले. "तुझ्या बापाची घडी हाय ही पोरी. त्याच्यासारखा चोख माणूस मी नाय पाहिला. मी काय उघडनार तिला? कार्डावर करून टाकतो सही." तुमच्यावरच्या विश्वासापोटी ते न बघता सही करणार होते. मला रात्रभर दम लागला.

म्हणून रविवारी आई देवळात गेल्यावर मी पडदे ओढले, सतरंजी घातली आणि सील तोडलं. पान तिथंच होतं, काळपट, कापडाला चिकटलेलं. तुम्ही ते पाहून मायेने परत ठेवलं असेल, असं मी दोन दिवस मानून पाहिलं. पण रबरबँड लालच होते. त्या दसऱ्यानंतर क्लबला पांढरे यायला लागले, लाल पुन्हा कधी आलेच नाहीत. ते वितळून दोऱ्यांना गोंदासारखे बसले होते, दोऱ्या सोडवायला मला नखं लावावी लागली. हवेत कुणी नखं लावणार नव्हतं. आणि कार्डावर त्या दसऱ्यानंतर तुमच्या सात सह्या आहेत. उघडली, तपासली, घडी घातली. सात वेळा. तीच छत्री पोटावर बांधून तुम्ही उडत होतात, आणि कार्डावर सही आहे म्हणून मी घरी निवांत डबा खात होते. दुसऱ्यांच्या छत्र्यांचं तुम्ही काय करत होतात, हा प्रश्न मी अजून पुरता मनातही आणलेला नाही.

काल आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं नाही. "त्या वर्षांत दमून यायचे गं. इथे ओट्याशी उभ्या उभ्या करायचे सही. मी बघितलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांच्या कामातलं मला काय कळायचं? आणि आता मेलेल्या माणसाचं काढून काय मिळणार तुला? उघडली म्हणून सांग, आणि गप्प बस."

गप्प बसले तर धाकटी सुरक्षित राहील, हे खरं आहे. दुसरी छत्री घेईल, रागावेल, विसरेल. पण काका पुढच्या कुणाच्या तरी कार्डावर तुमचं नाव आठवून सही करतील, आणि धाकटी तुमच्यासारखं व्हायला बघेल.

हे पत्रही वहीतच राहणार, तेव्हा उरलेलं सांगते. रविवारी मी ते पान बाजूला काढलं आणि छत्री होती तशी घालायला बसले. कुणाला कळू नये म्हणून. कपाटाच्या खणात तुमचा जुना लाल दोराही शोधला. तीनदा घडी घातली, तीनदा एक बाजू फुगून वर आली. तुम्ही शिकवलं होतंत, पण मला जमलं नाही. जमलं असतं तर मी दोरा बांधला असता, अण्णा, असं मला वाटतं. धाकटी गुरुवारी सकाळी पुण्याच्या एसटीने येते आहे. घरी आई मला बोलू देणार नाही, म्हणून स्टँडवरच, तिला चहा पाजायच्याही आधी, कार्ड हातात देऊन सगळं सांगणार आहे. आणि तिथूनच काकांना फोन. गुरुवारी.