लाजली म्हणजे होकार?

मंगळवार, संध्याकाळ

आज आत्या गावाहून आली. माझ्यासाठी स्थळ घेऊन, तेही स्वतःच्या धाकट्या मुलाचं. लहानपणापासून मी त्याला दादा म्हणते!

"मामाच्या पोरीवर आमचाच हक्क," आत्या म्हणाली. "अठरा पूर्ण झाली की उरकून टाकू. हिनं नववीत शाळा सोडलीय, तरी चालतंय. आमच्याकडं पोरीच न्हाईत, कुणी जन्मूच दिल्या न्हाईत. आता भाव आलाय बघ पोरींना!" पप्पा हसले. मलापण क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग आईने विचारलं, थोरल्या सुनेला का नाही आणलं? आत्या चहा पीत म्हणाली, "तिला घरात ठेवून बाहेरून कडी लावलीय. गावात बिनलग्नाची पोरं लय. परवा एकानं नळावर हात धरला तिचा."

हात धरला त्याने आणि कडी वहिनीला? त्याला कोणी काही बोललं का? आई मंडईत लसूण विकते. महाग झाला की तीपण पोतं कुलपात ठेवते. हाच का तो भाव? बाहेरून कडी...

"काय गं, चालेल ना?" आत्याने विचारलं. मी मान खाली घालून आत आले. मागून ती म्हणाली, "लाजली! होकारच समजा."

मी लाजले नव्हते. आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग बाहेर जाऊन तूच सांग. माझं ते ऐकायचे नाहीत."

पप्पा मुहूर्ताचं बोलतायत. वही ठेवते आणि जाते.