हँडल बाहेरच्या बाजूला

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही मला मधेच तोडलं असतं, म्हणून लिहितेय. काकांच्या कंपनीतली नोकरी मला नकोय. मला इथेच राहायचंय, लाँड्रीच्या वरच्या या खोलीत, चार माणसांच्या स्टुडिओत. हं, आता घोटभर पाणी प्या आणि पुढे वाचा.

काकांनी तुमच्या मैत्रीखातर माझ्यासाठी शब्द टाकला, याची मला जाण आहे. पण त्यांच्याकडे शेकडो माणसं मिळून एक गेम बनवतात आणि मला त्यातली नुसती दारं मिळणार होती. दार कुठे असावं, कधी उघडावं. काही वर्षं दारं केलीस की मग खिडक्या, असं काका हसत म्हणाले होते. वाईट काम नाही ते, पण माझा जीव त्यात रमायचा नाही. इथे पगार निम्मा आहे, इस्त्रीच्या वाफेनं खिडकी कायम धुरकट असते, आणि आमच्या चित्रकार बाईंना चहा सोडून सगळं जमतं. स्टुडिओच्या मालकांना आम्ही मास्तर म्हणतो. त्यांनी मुलाखतीत पदवी विचारलीच नाही. म्हणाले, पुरा केलेला एखादा गेम दाखव, कितीही छोटा असू दे, पण पुरा हवा.

मी कोणता दाखवला, ओळखा! गाडीच्या डिकीत सामान लावायचा. सहलीला निघताना "ती पिशवी आडवी, ती उभी" करून तुम्ही आमचा जीव खायचात ना, तोच. सगळं नीट बसलं की झाकण खट्ट लागतं. मास्तरांना इतका आवडला की म्हणाले, हाच वाढवून बाजारात आणू.

आणि मग माझी फजिती झाली. इथली एक शिस्त आहे. आपला गेम परका माणूस खेळत असला की आपण मागे बसायचं, हात मांडीखाली, तोंड बंद. लाँड्रीवाल्या ताईंना खेळायला बसवलं. त्यांनी पिशव्या छान लावल्या, तरी झाकण लागेना. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. अहो ताई, हँडल बाहेरच्या बाजूला करा, हे अगदी जिभेवर आलं होतं, पण गिळलं. शेवटी वैतागून त्या उठूनच गेल्या. तेव्हा डोक्यात उजेड पडला. हँडल बाहेर हवं हा नियम जगाचा नाहीच, तो आपल्या घरचा, तुम्ही केलेला! मी तो गेममध्ये घातला आणि खेळणाऱ्याला तो कळायला हवा हे मला सुचलंही नाही.

मला वाटलं, मास्तर म्हणतील सूचना लिहून टाक. ते म्हणाले, सांगू नकोस, समजू दे. आठवडाभर डोकेफोड केली. आता सुरुवातीलाच वाटेत पाऊस लागतो आणि छत्रीची पिशवी काढावी लागते. हँडल आत असलं तर सगळा पसारा उपसा. ताई पुन्हा खेळल्या. एकदा पसारा उपसला, स्वतःशीच हसल्या आणि एकेक पिशवी फिरवून लावली. "जमलं की मला," म्हणत त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की विचारू नका. बाबा, मला रडूच आलं. मला जन्मभर हेच करायचंय.

भीती वाटते, खोटं कशाला बोलू. गेम आपटला तर स्टुडिओ बंद पडेल आणि काका काही पुन्हा विचारणार नाहीत. पडला तर पडला. आणखी एक छोटा गेम पुरा करीन आणि तो घेऊन दुसऱ्या स्टुडिओत जाईन.

काकांना मी आज सकाळीच नकार कळवलाय. रविवारी ते आपल्याकडे येतील तेव्हा विषय काढतील, आणि तुम्ही म्हणाल, पोर आहे, मी समजावतो तिला. ते तेवढं म्हणू नका, यासाठी हे पत्र. माझं ठरलंय, बाबा. तुमची परवानगी मागत नाहीये, पण तुम्ही माझ्या बाजूनं बोलावंत, हे मला फार फार हवंय. नाहीच जमलं तर गप्प बसा आणि आईला बोलू द्या. तिला मी आधीच सांगितलंय. ती म्हणाली, "या माणसाला मी कधीची सांगतेय, पोरगी मोठी झाली म्हणून."

तुमचीच हट्टी,
खटपटी