कोची ते ऑकलंड, माझ्या हिशोबाने

२ जानेवारी
रोजनिशी सुरू. रिटायर्ड भूगोल शिक्षकाने प्रवासाची नोंद ठेवलीच पाहिजे. ऑकलंडहून लेकीचा, जिन्सीचा फोन. तिच्या बाळाचा बाप्तिस्मा अठराला, रविवारी सकाळी दहाला. धर्मपिता मी, म्हणजे बाळाला हातावर मीच घ्यायचं. नावही माझंच, वर्की. बाळंतपणासाठी माझी बायको अन्नम्मा आधीच तिकडे गेली आहे. म्हणाली, "अहो, निदान गुरुवारी तरी पोचा." बायकांना अंतराची भीती वाटते.

३ जानेवारी
पृथ्वीगोलावर दोरा लावला. साडेअकरा हजार किलोमीटर. विमानाचा वेग नऊशे. म्हणजे तेरा तास. विषय संपला.

५ जानेवारी
ट्रॅव्हल एजंट बिनोय म्हणतो, एकोणीस तास. विचारलं, वरचे सहा कुठून आणले? "सार, सिंगापूरला विमान बदलायचं." कोट्टयमला बस बदलायला दहा मिनिटं पुरतात. असो. बुधवारचं तिकीट सुचवत होता. शक्य नाही. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान: 'विमानप्रवास, अंतर आणि वेळ'. शनिवार दुपारचं काढलं.

६ जानेवारी
तिकिटावर पोचण्याची वेळ रविवार, दुपारी साडेचार. जिन्सीला फोनवर हसू आलं. घाबरून असावं. समजावलं. ती तिथली वेळ. तिथलं घड्याळ साडेसात तास पुढे, म्हणजे आपले सकाळचे नऊ. चर्च दहाला. तासभर हातात, आंघोळही होईल. ती म्हणाली, "अप्पच्चन, चर्चसुद्धा इथेच आहे." लहानपणापासून असेच फाटे फोडते. अन्नम्माने तिच्याकडून फोन घेतला. "येऊ दे त्यांना शनिवारी निघून," म्हणाली. शेवटी हिशोब पटला तिला.

१६ जानेवारी
व्याख्यान उत्तम. फादरनी शेवटी विचारलं, "सार, आपण आजवर कितीदा विमानात बसलात?" विषयाला सोडून प्रश्न.

१७ जानेवारी, विमानात
संकल्प: झोपायचं नाही. खिडकीतून अंदमान ओळखायचं.

त्याच दिवशी, सिंगापूर
अंदमान राहिलं. जेवण जड होतं. विमानतळ आमच्या पाला गावाहून मोठा. दोनदा फिरून त्याच चॉकलेटच्या दुकानाशी आलो. पाट्या चुकीच्या असाव्यात. एका तमिळ बाईंनी हाताला धरून गेटवर नेलं. मी त्यांना सोबत दिली.

१८ जानेवारी, ऑकलंड
विमान वेळेवर. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार. बिघडलं असेल. पुढच्या घड्याळातही साडेचार. बाहेर ऊन उतरलेलं. बाकावर बसलो. चर्च केव्हाच सुटलं असणार. बाळाला माझं नाव ठेवताना दुसऱ्याच कोणी त्याला हातावर घेतलं असणार.
जावई सोजन हसत आला. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही. तो म्हणाला, "बाप्तिस्मा पंचवीसला आहे, अप्पच्चन. अम्मच्ची म्हणाल्या, तुम्हाला एक आठवडा आधीची तारीख सांगू."
अम्मच्ची म्हणजे आमची अन्नम्मा.

१९ जानेवारी
अन्नम्माला जाब विचारला. म्हणाली, "तुम्ही कन्याकुमारीला सूर्यास्त दाखवायला नेलं होतं. सूर्योदय बघून परत आलो. मी विसरले नाही." बसवाला चुकला होता, पण वाद घातला नाही.
एकंदरीत मी सात दिवस आधी पोचलो. इतकं नियोजन कोण करतं?
दुपारी बाळाला मांडीवर घेतलं. खंडांची नावं सांगायला सुरुवात केली. आफ्रिकेपर्यंत आलो. दोघांपैकी आधी मी झोपलो, असं अन्नम्मा म्हणते.