दोन्ही चाकांनी धरलं

कर्वेनगर, पुणे
८ ऑगस्ट २००२

प्रिय आमोद,

फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, म्हणून पत्र लिहिते आहे. पूर्ण वाच. हिंजवडीच्या बसमध्ये वेळ असतोच.

आपली जुनी फियाट तळघरातून स्वतःच्या जोरावर वर आली नाही तर रविवारी भंगारात जाईल, असं सोसायटीच्या सभेत ठरलं. इंजिन उत्तम, क्लच नवा, तरी शेवाळलेल्या रॅम्पवर ती चढेना. डावं चाक जागेवर गरगरत राहिलं, उजवं ढिम्म. कमिटी हाताची घडी घालून बघत होती. सेक्रेटरी म्हणाले, काकू, आता तिला आराम करू द्या. त्याच संध्याकाळी तूही फोनवर आरामाबद्दल बोललास. मला वाटलं, गाडीच्याच.

दोष मागच्या डिफरन्शियलचा होता. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, म्हणून ते दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतं. पण साधं असेल तर एक चाक घसरलं की इंजिनाचा सगळा जोर त्या घसरणाऱ्यावरच वाया जातो. तुझे बाबा रॅलीच्या दिवसांत सगळ्यांना सांगायचे की आपल्या गाडीत 'स्पेशल' बसवलंय. ते शेजारी बसून नकाशा उत्तम वाचायचे. गाडीखाली कधी गेले नाहीत. मी खोडून काढलं नाही. माणसाला एखादी बढाई असू द्यावी. परवा मागची दोन्ही चाकं उचलली, गिअर न्यूट्रलला ठेवला आणि एक चाक पुढे फिरवून पाहिलं. दुसरं मागे फिरलं. स्पेशल असतं तर तेही पुढेच फिरलं असतं.

नाना पेठेतले सुखदेव मिस्त्री म्हणाले, आतले गिअर वेल्ड करून टाकू. मी नको म्हटलं. मग चाकं कायमची जखडतात, प्रत्येक वळणावर टायर फरफटतात आणि एक दिवस एक्सल तुटतो. मला जखडणारं नको होतं, गरजेपुरतं धरणारं हवं होतं.

तेव्हा मांजरी गावचे ज्ञानदेव आठवले. एका रॅलीत खंबाटकी घाटात मी त्यांना मागे टाकलं होतं, त्यानंतर दोन वर्षं ते आमच्याशी बोलले नव्हते. त्यांची फियाट उसाशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. म्हणाले, न्या की वहिनी, कोंबड्या अंडी घालत्यात तीत. चाकं उचलून बघितली, तर दोन्ही एकाच दिशेने फिरली. मग मधल्या शाफ्टवर खडूची खूण केली. चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चारहून थोडे जास्त, म्हणजे अगदी आपल्यासारखंच, आपल्या गाडीला चालणारं. मी विचारलं, असलं डिफरन्शियल असून इतकी वर्षं बोलला नाहीत? म्हणाले, हरल्यावर काय सांगायचं?

काल सुखदेवांनी ते बसवलं. शेवाळ तसंच होतं. मी मुद्दामच घासू दिलं नाही. दोन्ही चाकांनी धरलं आणि गाडी वर आली. सेक्रेटरींना स्कूटर बाजूला घ्यावी लागली. एवढ्यावर त्यांनी गप्प बसायचं, तर म्हणाले, मग रविवारी गिऱ्हाईक येतंय त्याचं काय? मी म्हटलं, कसलं गिऱ्हाईक? तेव्हा त्यांनी फ्लॅटचं सगळं सांगितलं.

तुझ्याकडे ऋचाने माझी खोली तयार केली आहे, हे मला कळलं. पडदेही लावलेत म्हणे. तिच्या मनात प्रेम आहे यात शंका नाही, तुझ्याही आहे. पण हा फ्लॅट माझ्या नावावर आहे आणि तो बघायला तू माणसं आणणार आहेस, हे मला सेक्रेटरींकडून कळावं? मी तो विकणार नाही. यापुढे हा विषय निघाला तर मी फोन ठेवीन. रविवारी पहाटे मी आणि ज्ञानदेव ताम्हिणी घाटात जाणार आहोत, संध्याकाळपर्यंत परत येईन. माणसांना बाहेरून घर बघू दे, त्याला माझी हरकत नाही. किल्ली या वेळी शेजारी ठेवणार नाही.

तुझीच, मुक्काम कर्वेनगर,
आई