पातेलं अर्धं आटेपर्यंत

४ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या अक्षराला अजून पाय फुटतात. आपल्या शाळेतल्या सिस्टर असत्या तर बोटांवर पट्टी बसली असती.

आता काळजीचं. घाबरू नकोस, बबडी ठीक आहे. लेकीची रजा संपल्यापासून नात दिवसभर माझ्याकडेच असते, वरच्या दुधावर, हे तुला माहीत आहे. गेल्या आठवड्यात तिचे ओठ निळसर दिसायला लागले. मला वाटलं, थंडी. आणखी एक झबलं चढवलं. मग नखंही निळी झाली, तेव्हा हे तिला उचलून अनवाणीच जिना उतरले.

डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. दूध कुठल्या पाण्यात कालवता म्हणून. मी ताठ मानेने सांगितलं की नळाचंच, पण खळखळून उकळलेलं, पातेलं अर्धं आटेपर्यंत, सिस्टरांनी शिकवलं होतं तसं. मग त्या समजावून म्हणाल्या की आमच्या नळाला वस्तीच्या बोअरचं पाणी येतं आणि त्यात आजूबाजूच्या शेतांतलं खत मुरलंय. त्यातला नायट्रेट नावाचा क्षार मोठ्यांना सहसा बाधत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्तात तो प्राणवायू खेळू देत नाही. आणि उकळून तो जात नाही. पाणी उडून जातं, क्षार तेवढाच राहतो. म्हणजे मी तिला दुप्पट पाजत होते. दुप्पट, ठमे.

लेक मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. बबडी आता तिच्या सासूबाईंकडे, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. या घरात बाळ आणायचं नाही, एवढंच लेक जाताना म्हणाली. त्या सासूबाईंना झबल्याचे बंदसुद्धा नीट बांधता येत नाहीत.

यांचे आशीर्वाद. लोभ असू दे, तो तरी उकळून आटत नाही.
तुझी ताई


१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. तू स्वतःला दोष देत बसू नकोस. गल्लीत पाणी खात्याची गाडी फिरवून, भोंग्यावरून पाणी उकळून प्या म्हणून ओरडत होते, त्या काय तुझ्या सिस्टर होत्या? जन्मात एकदा तू कुणाचं ऐकलंस आणि नेमकं हे झालं!

ताई, आता तिथे राहू नका. घर विका आणि इकडे या. आमच्या खालचा फ्लॅट रिकामा आहे, मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. तुझ्या लेकीशी मी फोनवर बोलले. तुम्ही इकडे आलात तर ती इथल्या शाखेत बदली मागून घेईल. म्हणजे बबडी पुन्हा तुझ्या मांडीवर. गिऱ्हाईकही मिळालंय. आमच्या यांच्या हाताखालचा एक मुलगा तिकडच्या ऑफिसात चाललाय, नवराबायको दोघंच आहेत. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी घर बघायला येतील.

एकच विनवणी आहे. तोंड आवर. पाण्याचा विषय तू काढू नकोस. सरबत दे, बिस्किटं दे, गॅलरीतून दिसणारं झाड दाखव. मोठ्यांना बाधत नाही, असं तूच लिहिलं आहेस.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, धाकट्या बहिणीचा धाकही असू दे.
तुझी ठमी


२० जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझा धाक पोचला. हसू आलं, मग नाही आलं.

इथलं ऐक. पाणी खात्यात जाऊन आले. साहेबांनी सांगितलं की आमच्या पाण्यात जंतू नाहीत, निर्धास्त प्या. जंतू नाहीत हे मलाही ठाऊक होतं, मीच रोज उकळून मारत होते. क्षाराचं विचारलं तर म्हणाले, ती तपासणी त्यांच्याकडे होत नाही. बोलताना त्यांना ठसका लागला, तेव्हा टेबलाखालून घरून आणलेला थर्मास काढून दोन घोट प्यायले. मी त्या थर्मासकडे इतका वेळ बघत राहिले, की त्यांनी तो पुन्हा खाली ठेवला.

यांनी पाण्याचे जार सुरू केले. चार दिवसांनी मी जारवाल्याला कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावर जार भरताना पाहिलं. मशीनवाला येऊन गेला. त्याचं मशीन फक्त जंतू मारतं, क्षार काढणारं त्याच्याकडे नाही. जंतूंच्या मागे सगळं जग लागलंय बघ.

सोसायटीचे चेअरमन वर आले होते. अगदी गोड आवाजात म्हणाले की एकाने तोंड उघडलं तर सगळ्यांच्या घरांची माती होईल. सगळ्यांनाच विकायचंय ना! जिन्यात भेटले की लोक हवापाण्यावर बोलतात, पाणी वगळून. हे दिवसभर रिकाम्या पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि एकच पालुपद लावतात, की गप्प राहायला काय जातं.

तर राहीन गप्प. टेलिफोन एक्स्चेंजात आयुष्यभर लोकांची बोलणी कानावर पडली, एक शब्द बाहेर गेला नाही. मला येतं ते. बबडीसाठी एवढंही करणार नाही का?

लोभ वाढव, उपदेश कमी कर.
तुझी ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

त्या मुलाने घर नको म्हणून कळवलंय. आमच्या यांनी कारण विचारलं तर म्हणाला, तुमच्या ताईंनाच विचारा. हे माझ्याशी धड बोलत नाहीत. खालच्या मालकानेही काल दुसऱ्याकडून विसार घेतला. लेकीला मी काय सांगू?

विषय कुणी काढला, तेवढं कळव.
ठमी


९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

विषय मी काढला नाही.

त्यांना घर आवडलं. यांनी झाड दोनदा दाखवलं. सरबत त्या मुलीने घेतलं नाही, हल्ली गोड नको वाटतं म्हणाली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि बबडीचा पाळणा आहे त्याच कोपऱ्यात उभी राहून म्हणाली, की जूनमध्ये त्यांचाही पाळणा इथेच लागेल. मी गप्प राहिले. ठमे, तेव्हासुद्धा मी गप्प राहिले.

निघताना तिने पिशवीतून बाटली काढली. वाटेत लागेल, भरून द्याल का, एवढंच म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. पाणी इतकं नितळ होतं, की त्याचाच राग आला. निदान वास तरी यायचा होता, रंग तरी असायचा होता. बाटली गळ्यापर्यंत भरली आणि मोरीत ओतून टाकली.

मग तिला रिकामी बाटली परत दिली आणि का ते सांगितलं. ती रिकाम्या बाटलीचं झाकण घट्ट लावत राहिली. बाहेर तिचा नवरा आणि हे कसल्याशा विनोदावर हसत होते.

त्यानंतर हे हसलेले नाहीत. जिन्यात माझ्याशी कुणी बोलत नाही. लेकीने फोनवर सांगितलं, की बबडी आता पालथी पडते. मी अजून पाहिलं नाही. आता आम्ही इथेच, असं धर.

लेकीला खरं ते सांग. रागावली असशील तर राग ठेव, पण लोभ कमी करू नकोस. कधी इकडे आलीस, तर येताना तुझ्याकडचं पाणी घेऊन ये. बाटलीभर पुरे. तेवढ्यावर बबडीला एक दुपार इथे आणता येईल.

तुझी ताई