मायचं रेकॉर्डिंग

रविवार, संध्याकाळ. रिसोड.

मायच्या आठवणी रेकॉर्ड करायला आज अकोल्याच्या एक ताई आल्या. नातवंडांसाठी म्हणून मीच बोलावलेलं. लुगड्याला माइक लावला तशी माय आधी लाजली, मग खुलली. "हा पोटात व्हता तवा आमी वीटभट्टीवर व्हतो..."

मी तिथंच, विटांच्या आडोशाला जन्मलो. पण मी मध्येच म्हणालो, "माय, ते कायले? दुसरं सांग."

काहून बोललो मी? सोयरे ऐकतील म्हणून? ती नुसता माइक चाचपत राहिली.

ताईंनी हळूच विचारलं, "मग मुलगा कुठे झाला, आजी?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "दवाखान्यात झाला. मोठ्या दवाखान्यात."

तेच रेकॉर्ड झालं. आणि मी ते होऊ दिलं.