अख्खा कांदा

मु. भोनखेड, ता. संग्रामपूर
१२ एप्रिल २००६

चि. मोतीराम यास,
निवृत्तीचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझ्या वहिनीचे गुडघे धरलेले आहेत, बाकी बरी आहे. फोन केला असता, पण गावात बोलण्याजोगा फोन पुंजाजीच्या दुकानात. तिथं खोकललो तरी संध्याकाळी पारावर औषध सांगणारे जमतात.

आपला हर्षल सुरतेला जायचं म्हणतो, सूनबाईला घेऊन. तीन सालं झाली, तो कपाशीचं ते पाकिटातलं नवं बी पेरतो. पहिल्या साली बोंडं लगडली तेव्हा मीच गावभर सांगत फिरलो. दुसऱ्या साली लाल्या आला, अख्खं वावर कुंकू सांडल्यासारखं लाल. गेल्या साली ज्या अळीचं नाव काढायचं नाही असं दुकानदार सांगत होता, तीच बोंडात निघाली. त्यातली सरकी ठेवून पुढच्या साली पेरावी तर तेही जमत नाही. हर्षल म्हणतो, बीच इथलं राहिलं नाही तर माणूस काऊन राहील.

मी म्हटलं, बाप-आज्याची भुई सोडून जाणारे आपण नाही. तर चारचौघांत हसला. म्हणे, बा, आपण तरी कुठं इथले? आडनाव अमडापुरे, राहतो भोनखेडात. पणजा आला तसा मी जातो.

मोतीराम, चौथीच्या पुढं मी शाळा पाहिली नाही. तू कंडक्टरकी केलीस, शंभर गावचं पाणी प्यायलास. चिखलीहून अमडापूर तुला अंगण आहे. तिथं जा, आपले भाऊबंद शोध. हर्षलचे पणजोबा म्हणजे आपले आजोबा कसे आले, कोणी मानानं बोलावलं का, ते विचार. आम्ही पळणारे नाही, एवढं मला त्या पोराला सांगायचं आहे. पेरणीच्या आदल्या दिवशी आपण उंबऱ्याबाहेर भाकर आणि अख्खा कांदा ठेवतो, घरच्यानं त्याला शिवायचं नाही, गाईला घालायचं. ती रीतही तिथलीच असेल. मी लहानपणी कारण विचारलं होतं तर बापानं थोबाडीत दिली होती. तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतास.

झोप लागत नाही. लवकर कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
निवृत्ती


चिखली
३० एप्रिल २००६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून बैल उधळल्यासारखंच आहे, पण वाचलं.

अमडापूरला बाजाराच्या दिवशी गेलो. अमडापुरे कुठं राहतात म्हणून विचारलं तर किराणा दुकानदार पोट धरून हसला. म्हणाला, अमडापुरात सारेच अमडापुरे बे, तुले कोणता पाहिजे? खरंच आहे, दादा. हे नाव इथलं नाहीच. ते भोनखेडच्या लोकांनी आपल्याला दिलं, आलो त्या गावावरून.

शेवटी वच्छलाबाई नावाच्या म्हातारीकडं पाठवलं. गावात तिच्याहून जुनं माणूस नाही. तिलाही काही उमजेना. निघता निघता मी त्या भाकरीचं सहज बोललो. तिनं पदर सावरला आणि विचारलं, कांदा फोडून ठेवता का अख्खा? मी म्हटलं, अख्खा.

मग तिनं सांगितलं. तिच्या आजेसासूनं डोळ्यांनी पाहिलेलं. मोठ्या दुष्काळात एक गडी बायकोपोरांना घेऊन सातपुड्याकडं निघाला. म्हाताऱ्या मायला चालवत नव्हतं. तिला उंबऱ्यात बसवली, हातात भाकर दिली, कांदा दिला आणि पाणी पडलं की येतो म्हणाला. तिच्या बोटांत कांदा फोडायचं बळ नव्हतं. तेवढंही तो थांबला नाही. पाणी पुढच्या साली पडलं. तो आला नाही. म्हातारी उंबऱ्यातच गेली.

त्या घराला इथं मायसोडे म्हणतात. घर राहिलं नाही, मोकळी जागा आहे, शेळ्या बांधतात. पण जागेचं नाव अजून मायसोड्याची जागा.

दादा, मी परतीच्या गाडीत तिकीट काढायला विसरलो. मी! हे पत्र वहिनींना वाचून दाखवू नकोस. हर्षलला तर मुळीच नको. मानानं बोलावलं होतं असं सांग. कोण तपासायला जातो?

लोभ आहेच, तो उतू नये अन् आटूही नये.

तुझा,
मोतीराम


भोनखेड
९ जून २००६

चि. मोतीराम यास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. 

हर्षल परवा गेला. वावर पुंजाजीला बटईनं, अर्ध्या पिकाच्या बोलीवर दिलं. तुझं पत्र महिनाभर माझ्या खिशात होतं. किती वेळा तोंडाशी आलं, की बाबा, एकदा आपल्या घरानं हे केलं आहे, त्याचं नाव अजून पुसलं नाही. ते ऐकून तो थांबला असता. नावाला भिऊन थांबलेला पोरगा मला नको होता. खोटं कशाला लिहू, तसाही हवा होता. पण तोंड उघडलं नाही. मानानं बोलावलं होतं, हेही सांगवलं नाही.

पूनम गुणाची सून आहे. पेरणी जवळ आली, पुंजाजी पेरो की कोणी पेरो, रीत मोडू नये म्हणून निघायच्या आधी तिनंच उंबऱ्याबाहेर भाकर ठेवली. वर कांदा, अख्खा. मी उंबऱ्यात बसलो होतो. हर्षल पाया पडला. पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाला, बा, पाणी पडलं की येतो.

त्याला काही ठाऊक नाही, मोतीराम. त्यानं आपल्या मनानंच म्हटलं.

ते वळणापार गेल्यावर मी कांदा मुठीनं फोडला. अजून तेवढं बळ आहे. भाकर तिथंच बसून खाल्ली. तुझी वहिनी ओरडत आली, की ती घरच्याची नव्हे, गाईची आहे. मी म्हटलं, जिच्यासाठी ठेवत होते तिची जागा आज माझी आहे.  तुझ्या वहिनीला अजून काही सांगितलेलं नाही.

आभाळ कोरडं आहे. तुला भेटावंसं वाटतं. येणार असशील तर दिवस कळव, नसशील तर तसं स्पष्ट लिही. पाणी पडलं की येतो, असं मात्र लिहू नकोस.

तुझा दादा,
निवृत्ती